कॉलेजची पोरं मतदान करत नाहीत म्हणता, पण त्यांचं नाव कुठल्या यादीत आहे ते बघितलं का?

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं, बुधवार होता, आणि दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेल्या गेल्या विचारलं की कोणाकोणाच्या बोटाला शाई आहे, तर साठ-पासष्ट जणांच्या वर्गात दहा-बारा बोटं वर आली. मी पुण्यात एका कॉलेजात शिकवते आणि एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, कामही बघते, त्यामुळे ही मुलं मला वर्गाबाहेरही माहीत आहेत. मराठा आरक्षणापासून पेपरफुटीपर्यंत सगळ्यावर तासन्‌तास बोलतात, राजकारणात रस नाही असं एकही पोरगं म्हणणार नाही. मग मी एकेकाला विचारत गेले की का नाही गेलास, का नाही गेलीस. "कंटाळा आला" म्हणणारे दोन-तीनच निघाले. बाकीच्यांचं उत्तर घोळून घोळून एकच होतं: मॅडम, नाव गावाकडे आहे. नाहीतर, मॅडम, नाव कुठेच नाहीये.

तेव्हापासून मी या विषयात जरा खोलात शिरले आणि माझं ठाम मत झालंय की आपण याला तरुणांची उदासीनता म्हणतो ते चुकीचं निदान आहे. उदासीनता नाही असं नाही, पण मोठा भाग हा पत्त्याचा प्रश्न आहे. आपल्याकडे मत माणसाला मिळतं, पण ते टाकायचं एकाच ठिकाणी, जिथे यादीत नाव आहे त्याच बूथवर. आणि कॉलेजचं पोरगं म्हणजे नेमका असा माणूस की ज्याचं घर एका जिल्ह्यात आणि कॉट दुसऱ्या जिल्ह्यात.

२०२४ च्या लोकसभेचं उदाहरण घ्या, आपल्या राज्यात पाच टप्प्यांत मतदान झालं. लातूरला ७ मे, मंगळवार. पुण्याला १३ मे, सोमवार. आता उदगीरचा एक मुलगा पुण्यात शिकतोय, नाव उदगीरच्या यादीत. ७ मे ला पुण्यातली कॉलेजं चालू, त्यात परीक्षांचे दिवस, तो जाणार कसा? रात्रभराचा प्रवास तिकडे, रात्रभराचा इकडे. आणि १३ तारखेला पुण्यात मतदानाची सुट्टी, पोरगं रूमवर झोपलंय कारण इथे त्याला मतच नाही. म्हणजे मत होतं तेव्हा सुट्टी नव्हती आणि सुट्टी होती तेव्हा मत नव्हतं. नांदेडवाल्यांचं २६ एप्रिल, गडचिरोलीवाल्यांचं १९ एप्रिल, सगळ्यांची हीच गत. विधानसभेला एकाच दिवशी होतं सगळं राज्यभर, पण तेव्हा दिवाळी नुकतीच झालेली, भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती, मुलं सणाला जाऊन परत आलेली, पंधरा दिवसांत पुन्हा तिकीट काढून कोण जातंय. मुलींना एसटीत २०२३ पासून अर्धं तिकीट आहे म्हणून थोड्या मुली जाऊन आल्या, पण ट्रॅव्हल्सवाल्यांचे अशा दिवसांतले दर सगळ्यांना माहीत आहेत.

लगेच लोक विचारतात, मग पोस्टाने का नाही पाठवत मत? तर टपाली मतदान विद्यार्थ्यांना नाहीच. ते सैन्यातल्या लोकांना आहे, निवडणुकीच्या ड्युटीवर असलेल्यांना आहे, ८५ वर्षांच्या पुढच्यांना आणि चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आहे, अजून काही मोजक्या गटांना आहे. विद्यार्थी त्यात कुठेच नाही. डिसेंबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने दूरच्या गावातून मत देता येईल असं एक मशीन पुढे आणलं होतं, एका बूथवरून ७२ मतदारसंघांची मतं घेता येतील अशी कल्पना होती, पण पक्षांनी शंका काढल्या आणि ते तिथेच राहिलं. तेव्हा सध्या तरी दोनच मार्ग आहेत: गावी जाऊन मत द्या किंवा नाव इकडे आणा.

नाव इकडे आणता येतं?

येतं. आणि हे मी ज्या ज्या मुलांना सांगते त्यातल्या बहुतेकांना पहिल्यांदाच कळतं.

कायदा १९५० चा आहे, लोकप्रतिनिधित्व कायदा, त्यात म्हटलंय की माणूस जिथे "सर्वसाधारणपणे राहतो" तिथे त्याचं नाव लागेल. शब्द बोजड आहे पण अर्थ साधा. गावात तुमच्या नावावर घर आहे, शेत आहे, एवढ्यावर तुम्ही तिथले मतदार होत नाही. आणि दुसरीकडे, तुम्ही थोडे दिवस बाहेर गेलात म्हणून गावचं नावही जात नाही. विद्यार्थी या दोन्हीच्या मधोमध बसतो. वर्षातले नऊ-दहा महिने तो पुण्यात राहतो, पण दिवाळीला, उन्हाळ्यात, आजारी पडल्यावर घरीच जातो. मग तो राहतो कुठे?

आयोगाने याचं उत्तर विद्यार्थ्यावरच सोडलंय. आईवडिलांच्या पत्त्यावर नाव ठेव किंवा जिथे शिकायला राहतोस त्या हॉस्टेलच्या पत्त्यावर लाव, तुझी मर्जी. अट एवढीच की कोर्स सरकारमान्य किंवा विद्यापीठाच्या, बोर्डाच्या मान्यतेचा हवा आणि किमान एक वर्षाचा हवा, आणि हॉस्टेलचा पत्ता द्यायचा असेल तर प्राचार्य, रजिस्ट्रार, डीन अशा कोणाच्या तरी सहीचं बोनाफाईड, म्हणजे हा मुलगा इथे शिकतो असा दाखला, जोडायचं, त्याचा नमुना आयोगाने ठरवून दिलेला आहे. हॉस्टेल कॉलेजचंच असलं पाहिजे असंही नाही, शिकायच्या गावात बाहेर कुठे राहत असाल तरी चालतं. बसच्या पासासाठी, स्कॉलरशिपसाठी आपण बोनाफाईड काढतोच, तसंच हे एक.

आता यात एक गट अडकतो आणि पुण्यात तो मोठा आहे, सदाशिव पेठेत, नारायण पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन, राहून एमपीएससीची तयारी करणारी मुलं. क्लास म्हणजे मान्यताप्राप्त कोर्स नाही, त्यामुळे बोनाफाईडचा मार्ग यांना नाही. यांनी साध्या नागरिकासारखा राहण्याचा पुरावा द्यायचा, नोंदणी केलेला भाडेकरार चालतो, आधारवरचा पत्ता इथला असेल तर आधार चालतं, बँकेच्या पासबुकवर इथला पत्ता असेल तर ते चालतं. आणि यातलं काहीच नसेल तरी फॉर्म भरता येतो, मग बीएलओ, म्हणजे त्या बूथच्या यादीचं काम बघणारा माणूस, प्रत्यक्ष येऊन बघतो की हा माणूस खरंच इथे राहतो का. पण प्रत्यक्षात काय होतं, एका रूममध्ये पाच कॉट, करार झालाच असेल तर एकाच्या नावाने, आणि बीएलओ आला की घरमालक म्हणतो इथे कोणी राहत नाही. त्यांना भीती असते की पोराचं मतदान कार्ड या पत्त्यावर आलं की उद्या तो रूमवर हक्क सांगेल. असं काही होत नाही हो. मतदार यादीत नाव असण्याने घरावर मालकीचा किंवा कुळाचा कसलाही हक्क येत नाही. ज्या काका-काकूंकडे मुलं राहतात त्यांना हे कोणीतरी नीट सांगायला पाहिजे, कारण फॉर्म तिथेच अडतो.

एक मोठी चूक मात्र टाळा. गावच्या यादीत नाव आधीच असेल तर पुण्यात नवीन म्हणून फॉर्म ६ भरू नका. फॉर्म ६ हा आयुष्यात पहिल्यांदा नाव लावणाऱ्यासाठी आहे. नाव हलवायचं असेल तर फॉर्म ८, त्यात जुन्या कार्डाचा नंबर टाकायचा, मग गावचं नाव निघतं आणि इथे लागतं. दोन मतदारसंघांत नाव ठेवणं कायद्याने चालत नाही, आणि फॉर्ममध्ये खोटं लिहून सही केली तर एक वर्षापर्यंत शिक्षेची तरतूद आहे. मुलं मुद्दाम करत नाहीत, दहावी-बारावीला असताना गावात कोणीतरी कार्यकर्ता कागद घेऊन गेलेला असतो, मुलाला माहीतही नसतं की आपलं नाव लागलंय. म्हणून फॉर्म भरायच्या आधी निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर किंवा १९५० नंबरला फोन करून आपलं नाव कुठे आहे का ते शोधा, मग ठरवा.

गाव की शहर?

हे मी कोणाला ठरवून देत नाही, कारण दोन्ही बाजूंना वजन आहे.

गावचं नाव काढायचं म्हटलं की घरचे पहिल्यांदा नाराज होतात. आणि त्यांचं अगदीच चुकतं असं नाही. ग्रामपंचायतीला पाच-दहा मतांनी माणूस पडतो, तिथे घरातलं एक मत जाणं म्हणजे काय ते गावात राहिलेल्यालाच कळतं. आपल्याकडे ग्रामपंचायत, झेडपी, महापालिका या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण तो वेगळी यादी बनवत नाही, विधानसभेचीच यादी घेऊन ती वॉर्डप्रमाणे फोडतो. म्हणजे विधानसभेसाठी नाव पुण्यात आणलं की ग्रामपंचायतीचं मत आपोआप गेलं. दोन्हीकडे थोडं थोडं असं होत नाही. ज्या मुलाला शिक्षण झालं की परत जाऊन शेती बघायची आहे, ज्याचा जीव गावच्या पाण्यात आणि रस्त्यात आहे, त्याने नाव तिथेच ठेवावं आणि मतदानाला जाण्याची तयारी आधीपासून करावी, तिकीट लवकर काढावं, एका तालुक्याच्या चार-पाच जणांनी मिळून गाडी करावी.

पण जो तीन-चार वर्षं इथे राहणार, मग इथेच नोकरी शोधणार, त्याला मी विचारते की तू रोज ज्या पीएमपीच्या बसने जातोस, रूमला पाणी येत नाही म्हणून जो टँकर मागवतोस, रात्री क्लासवरून येताना ज्या गल्लीत दिवा नसतो, ते सगळं ठरवणारा नगरसेवक निवडण्यात तुझा वाटा शून्य आहे, हे तुला चालतं का? पेठांमध्ये हजारो मुलं राहतात, तरी प्रचारात कोणी त्यांच्या दारात जात नाही, कारण उमेदवाराच्या हातातल्या यादीत ती नाहीतच. पाच कॉटच्या खोलीचं भाडं, मेसचा दर्जा, अभ्यासिकेच्या वेळा, हे मुद्दे कुठल्या जाहीरनाम्यात का येत नाहीत याचं कारण इथेच आहे.

बरं, महापालिकेचं तर या पिढीच्या बाबतीत फार वाईट झालं. पुण्यात २०१७ नंतर निवडणूकच झाली नाही, मार्च २०२२ मध्ये मुदत संपली, मग प्रशासक, आणि मतदान झालं ते थेट १५ जानेवारी २०२६ ला. २०२२ मध्ये फर्स्ट इयरला आलेलं पोरगं पदवी घेऊन बाहेर पडलं तरी त्याला नगरसेवकासाठी मत द्यायची वेळच आली नाही. त्यात कॉलेजमधल्या थेट विद्यार्थी निवडणुका आपल्या राज्यात नव्वदच्या दशकात हिंसाचारामुळे बंद झाल्या, २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्या परत आणायची तरतूद केली, पण प्रत्यक्षात काही सुरळीत सुरू झाल्या नाहीत. आम्ही अठरा वर्षांच्या पोराला म्हणतो लोकशाहीची सवय लाव, आणि सवय लागेल अशी एकही जागा त्याच्या हाताशी ठेवत नाही.

तारखांचं गणित

नाव कुठे लावायचं हे ठरलं तरी वेळ चुकली की सगळं फुकट. आणि वेळ सगळ्यांचीच चुकते, कारण आपल्याला निवडणूक जाहीर झाल्यावर जाग येते.

मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं ६१ व्या घटनादुरुस्तीने, १९८९ पासून. पण अठरा पूर्ण कधी धरायचं? २०२२ पर्यंत वर्षातून एकच तारीख होती, १ जानेवारी. म्हणजे २ जानेवारीला अठरा झालेल्या मुलीला अख्खं वर्ष थांबावं लागायचं. ऑगस्ट २०२२ पासून चार तारखा झाल्या: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. आणि अजून चांगली गोष्ट म्हणजे १७ पूर्ण झाले की आगाऊ अर्ज करून ठेवता येतो, ज्या तिमाहीत अठरा होतील तेव्हा तो बघितला जातो. अकरावी-बारावीच्या मुलांनाही हे लागू आहे, घरात असं कोणी असेल तर आजच सांगा.

आता विधानसभा २०२४ चं गणित बघा म्हणजे घाई का करायची ते कळेल. निवडणूक जाहीर झाली १५ ऑक्टोबरला. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर. नियम असा की उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधीपर्यंत आलेलेच अर्ज त्या निवडणुकीसाठी धरतात. म्हणजे १९ ऑक्टोबर. टीव्हीवर तारखा ऐकल्यापासून हातात उरले चार दिवस! त्या चार दिवसांत बोनाफाईडसाठी ऑफिसला अर्ज, प्राचार्यांची सही, फोटो, स्कॅन, पोर्टल हँग, कोणाचं होणार आहे? आणि नुसता अर्ज केला म्हणजे झालं असंही नाही, तो आल्यावर सात दिवस हरकतींसाठी ठेवतात, बीएलओची तपासणी होते, मग नाव लागतं. त्या आठवड्यात माझ्याकडे रोज मुलं येत होती, मॅडम अजून भरता येईल का, आणि विसाव्या तारखेनंतर येणाऱ्यांना नाही म्हणताना मला फार वाईट वाटलं.

महापालिकेच्या वेळी याहून कडक. जानेवारी २०२६ च्या मतदानासाठी यादी धरली १ जुलै २०२५ ची. म्हणजे सप्टेंबरात अठरा पूर्ण झालेला मुलगा मतदानाच्या दिवशी अठराचा असूनही यादीत नाही, आणि ऑगस्टमध्ये पुण्यात येऊन फॉर्म ८ भरणारी मुलगीही नाही.

देशभरात २०२४ च्या लोकसभेला सुमारे ९७ कोटी मतदार होते, त्यात १८-१९ वयाचे साधारण १ कोटी ८४ लाख. या वयाच्या मुलामुलींच्या अंदाजे लोकसंख्येशी ताडून बघितलं तर चाळीस टक्क्यांनाही गाठत नाही. म्हणजे दहातली सहा मुलं मतदानाच्या दिवसापर्यंत पोचलीच नाहीत, ती त्याआधीच फॉर्मच्या टेबलावर गळाली. त्यांना "मतदान करा" म्हणून सांगणारी रील दाखवून काय उपयोग?

कॉलेजने काय करावं?

आमच्याकडे काय होतं, २५ जानेवारी आला की राष्ट्रीय मतदार दिवस, २०११ पासून साजरा होतो, शपथ घ्यायची, रांगोळी, पथनाट्य, रॅली, फोटो काढून वर पाठवायचे. मी स्वतः हे सगळं केलंय आणि मनापासून केलंय, मुलांची मेहनत असते त्यात. पण जानेवारीत वर्ष संपत आलेलं असतं. हे काम जुलै-ऑगस्टचं आहे, ॲडमिशनच्या वेळचं. त्या दिवशी मुलाच्या हातात दहावीची सनद असते, आधार असतं, फोटो असतात, बहुतेक वेळा आईवडीलसुद्धा सोबत असतात, म्हणजे गाव की शहर ही चर्चा तिथल्या तिथे होते. ज्या खिडकीवर फी भरतात तिच्या शेजारी एक टेबल, दोन एनएसएसची मुलं, एक लॅपटॉप, आणि बोनाफाईड तिथेच सही करून. १ ऑक्टोबरच्या तारखेला नाव लागायला भरपूर वेळ मिळतो. कॉलेजांमध्ये निवडणूक साक्षरता मंडळं आहेत, कॅम्पस ॲम्बेसेडर नेमलेले असतात, माणसं आहेत, फक्त त्यांना चुकीच्या महिन्यात कामाला लावतो आपण.

२०२२ च्या शेवटी तेव्हाचे उच्च शिक्षणमंत्री चंद्रकांत पाटील म्हणाले होते की अठरा झालेल्या मुलांना प्रवेशासाठी मतदार नोंदणी बंधनकारक करू. सक्ती मला पटत नाही. एक तर मत हा हक्क आहे, त्याच्यापायी प्रवेश अडवायचा नाही, आणि दुसरं म्हणजे सक्ती केली की मुलं कुठलाही पत्ता टाकून पावती आणतील, आणि चुकीच्या पत्त्यावरचं नाव हे नाव नसण्यासारखंच आहे.

आमच्या एनएसएसच्या मुलांनी मागच्या दोन वर्षांत हॉस्टेलच्या मेसमध्ये टेबल लावलं, रात्री आठ ते दहा, कारण तेव्हा सगळे जेवायला येतातच. ऑफिसबाहेर टेबल लावलं होतं तेव्हा दिवसाला चार-पाच जण यायचे, मेसमध्ये रांग लागली. मुलींच्या हॉस्टेलला वेगळी अडचण आली, बीएलओ तपासणीला आले तर गेटवर सोडेनात. मग वॉर्डन मॅडमशी बोलून एक वेळ ठरवून घेतली, खोल्यांची यादी आणि सह्या तयार ठेवल्या, तासाभरात काम झालं. बीएलओ म्हणजे पण शाळेतल्या बाई किंवा अंगणवाडी सेविका असतात, आपलं काम सांभाळून हे करतात, त्यांना दहा खेपा मारायला लावू नका.

मतदानाच्या दिवसाबद्दल एकच सांगते, त्यात घोळ होतो. कार्ड आहे म्हणजे मत आहे असं नाही, यादीत नाव पाहिजे. उलट यादीत नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट यातलं काहीही चालतं. कॉलेजचं आयडी चालत नाही, त्यावर विसंबून जाऊ नका. आणि उमेदवारांपैकी कोणीच पटत नसेल तर २०१३ पासून नोटाचं बटण आहे, पण त्यासाठीसुद्धा नाव लागतंच.

राहिलं शेवटचं वर्ष. मुलं पेपर संपले की गाद्या गुंडाळून निघतात, आणि नाव तिथेच हॉस्टेलच्या पत्त्यावर राहतं. त्या जागी नवीन मुलं येतात, त्यांचीही नावं लागतात, आणि पाच वर्षांत त्या यादीत कधीच निघून गेलेल्या मुलांची नावं साचतात. मग मतदानाचा टक्का काढला की त्या बूथवर कमी दिसतो आणि पेपरात परत येतं की तरुण मतदान करत नाहीत. शिवाय यादीची कसून तपासणी लागली, जशी २०२५ मध्ये बिहारमध्ये झाली आणि नंतर गोव्यातही सुरू झाली, की पत्त्यावर न सापडणाऱ्यांची नावं पहिल्यांदा जातात, बिहारच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं गेली, त्यात मयत होते, दुबार होते आणि गाव सोडून गेलेलेही होते. म्हणून आम्ही या वर्षी एक केलंय. टीसी घ्यायच्या आधी मुलं नो ड्यूजचा कागद घेऊन फिरतात ना, लायब्ररी, लॅब, मेस, जिमखाना, प्रत्येकाची सही घेत, त्या कागदाच्या खाली हाताने एक ओळ वाढवली आहे, "फॉर्म ८ कुठल्या पत्त्यावर भरणार?" बरीच मुलं तिथे थांबून विचार करतात, काहीजण घरी फोन लावतात. हिंजवडीला नोकरी लागलेली एक मुलगी म्हणाली, मॅडम, रूम अजून बघायचीये, मिळाली की भरते. तिचा नंबर मी लिहून ठेवलाय, ऑगस्टमध्ये फोन करणार आहे.